अवकाशातला मुऱ्हाळी

तोताराम नाना चौधरींना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं म्हणणारे सावद्याच्या आसपास पुष्कळ आहेत, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज शेजारच्या भटूचा. आता भटूला तरी काय कळतं? लग्नात डीजेपुढे उपरणं फिरवत नाचणं म्हणजे संगीत, एवढीच त्याची पोच. पण गावात जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं धरतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. नानांना राग-ताल कळत नव्हते, कबूल. पण एक संगीत त्यांना असं पाठ होतं की ते लावलं आणि मध्येच लाईट गेली, तर लाईट येईपर्यंत नाना पुढचं तोंडाने चालू ठेवत. वीज बनवण्यात हयात घालवलेल्या माणसाला घरची लाईट गेल्याचं दुःख असं कशाने तरी हलकं करावंच लागतं.

ते संगीत होतं एका जुन्या विलायती सिनेमाचं. त्यात माणसं गावाएवढ्या यानांत बसून ताऱ्यांमधून हिंडतात आणि एकमेकांवर तोफा डागतात. गाणं एकही नाही. नुसतं वाजवणं. पण ते कसं, तर एका दालनात शंभर वादक बसवलेत, कोणाच्या हाती व्हायोलिन, कोणाच्या तोंडी पितळी भोंगा, कोणापुढे हंड्याएवढाले नगारे, आणि सगळे मिळून एकच गोष्ट सांगताहेत. एकही शब्द न बोलता. नानांचं म्हणणं असं की शब्द नाहीत म्हणूनच ती गोष्ट सावद्यात कळते. इंग्रजीत सांगितली असती तर आपण मेलो असतो.

नाना त्या वेळी दीपनगरच्या वीज केंद्रात नुकते लागले होते. कॉलनीच्या क्लबात पडद्यावर तो सिनेमा दाखवणार म्हणून सगळे पुढच्या जागा धरून बसले होते. पण रिळांची पेटीच उशिरा आली. सिनेमा सुरू झाला, काळ्या आभाळात एक यान दिसलं, एक गोल पितळी भोंगा एकटाच वाजला, आणि नानांच्या अंगावर काटा आला. जरा वेळ गेला असेल नसेल, तोच पाळीचा भोंगा झाला आणि नाना डबा घेऊन पळाले. म्हणजे सिनेमा त्यांनी पाहिला तो हातभर. उरलेला कोसभर राहिला तो राहिलाच. पुढे टर्बाइनच्या कामाला आलेल्या एका परदेशी साहेबाने या माणसाला तीच चाल गुणगुणताना ऐकलं आणि जाताना त्या संगीताची कॅसेट हातात ठेवली. नानांनी ती इतकी वाजवली की पट्टी दोनदा तुटली आणि दोनदा नेलपॉलिशने चिकटवली. बायकोची, पुष्पाबाईंची नेलपॉलिश. त्याचा हिशेब त्या अजून काढतात.

आता नुसतं ऐकून माणसाचं भागतं का? शेजारीपाजारी विचारणारच, की बाबा, हे काय चाललंय, कोणी मेलं का कोणाचं लग्न आहे? मग नाना सांगू लागले. आणि सांगता सांगता त्या संगीताची एक अशी गोष्ट झाली की ती ऐकायला बाया निवडायचे तांदूळ घेऊन ओट्यावर येऊ लागल्या.

गोष्ट अशी. आभाळाच्या पार पलीकडच्या टोकाला एक पोरगी दिलेली आहे. आखाजी जवळ आली. आपल्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, झोका खेळते, आणि तिला आणायला घरचा कोणी जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात, हे काय सांगायला हवं? तर या पोरीचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून यान घेऊन निघतो. तो पहिला एकटा गोल भोंगा म्हणजे हा भाऊ. "ही चाल ध्यानात ठेवा," नाना बोट वर करत, "हीच पुढे घडीघडी येते. पण दरवेळी कपडे बदलून." मग जाड्या भोंग्यांचा भारी, पाय आपटत येणारा ठेका येई. ती सासू. सासू आली की बाया पदर सावरत. सासू म्हणे नेऊ देणार नाही, भाऊ म्हणे नेणार, मग नगारे. मग रस्ता चुकतो, तेव्हा तीच भावाची चाल बासरीवर अर्धीमुर्धी, दम लागल्यागत. आणि शेवटी व्हायोलिनं. सगळी व्हायोलिनं मिळून तीच चाल घेतात, पण सावकाश, आणि तिच्याखालून सासूचाही ठेका येतो, मात्र आता मऊ होऊन, पायातली वहाण बाहेर काढून आल्यासारखा. पोरगी यानाच्या खिडकीतून पाहते, खाली आपलं गाव, आपला निंब, आपलं दार. इथे बाया रडत. म्हातारी भिकुअक्का तर आधीच रडायला लागे, म्हणजे ऐनवेळी ऐकायला मोकळं राहता येतं म्हणे.

नानांची मोनाली या गोष्टीवर जेवली आणि या गोष्टीवर झोपली. कॉलेजात गेल्यावर तिने ते संगीत बापाला पेनड्राइव्हवर भरून दिलं. सिनेमा मात्र नानांनी कधी लावू दिला नाही. पोरीने विचारलं की म्हणत, "चित्राने कान बिघडतात." मनात भीती दुसरीच होती. न पाहिलेल्या सिनेमाचा शेवट आपण गावभर सांगून बसलोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि बाकी कोणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

आणि मग मोनालीने धुळ्याचा नवरा केला.

पोरगा चांगला होता. हितेंद्र नाव, धुळ्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवणारा, बोलायला गोड, खायला दांडगा. जातीचा, पातीचा, पगाराचा काही खोडा नव्हता. खोडा एकच निघाला आणि तो लग्नानंतर कळला. पोरगा त्या सिनेमाचा वेडा होता. लहानपणापासून कितीदा पाहिला त्याला गणती नव्हती. मोनालीने सांगितलं की आमच्या नानांना त्याचं संगीत तोंडपाठ आहे, तेव्हा त्याने म्हणे तिथल्या तिथे उडी मारली होती. वर त्याने ठरवलं की सासऱ्याला असं काही द्यायचं की जन्मभर आठवण राहील.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात जावई भरीत खायला आला. केळीच्या मळ्यात भरीत पार्टी म्हणजे निम्मी भावकी हजर. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केलेला, त्यात हिरवी लांबोडी वांगी टाकलेली, एकीकडे मिरच्या-लसूण सोलायचं चाललंय, पुष्पाबाई कळण्याच्या पुऱ्या लाटताहेत. वांगी ठेचायची लाकडी बडगी धुऊन उताणी ठेवलीय. अशात जावयाने गाडीतून सिनेमा दाखवायच्या मशीनचा डबा काढला, भटूच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पांढरं धोतर ताणून बांधलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नाना, तुमचा सिनेमा. आज बठ्ठा गावसोबत, सगळ्यांनी मिळून पाहू."

नानांच्या हातातलं वांगं जाळाबाहेर पडलं.

जावयाला नाही म्हणता येत नाही. पहिल्या वर्षाच्या जावयापुढे तर उन्हाला ऊनसुद्धा म्हणता येत नाही. तरी नानांनी हातपाय मारून पाहिले. म्हणाले, वारा आहे, धोतर हलेल. भटूने धोतराच्या खालच्या टोकांना विटा बांधल्या. म्हणाले, दव पडतं, मशीन खराब होईल. जावयाने मशीनवर छत्री धरायला माणूस लावला. शेवटी नानांनी ठेवणीतलं काढलं.

"मळ्यातल्या लाईनला व्होल्टेज नाही, जवाईबापू. मी त्यातला माणूस आहे, मला विचारा."

"हा बॅटरीवर चालतो, नाना," हितेंद्र आनंदाने म्हणाला.

पुष्पाबाईंनी लाटता लाटता नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुरीकडे पाहिलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं पोट कुठे दुखतंय ते सांगावं लागत नाही.

अंधार पडला, थंडी सुटली, गोधड्या घेऊन सगळे धोतरासमोर बसले. मोनाली बापाच्या शेजारी, लहानपणी बसायची तशी, पाय पोटाशी घेऊन. नाना मनात म्हणत होते, गावाचं सोडा, भटूचंही सोडा. या पोरीला मी ही गोष्ट सांगून वाढवलं. आज तिच्या नवऱ्यासमोर तिचा बाप थापाड्या ठरणार.

सिनेमा सुरू झाला. काळं आभाळ, यान, आणि तो एकटा गोल भोंगा. एवढा भाग नानांनी पाहिलेला होता. त्यांना धीर आला, त्यांनी बोट वर केलं. "हा भाऊ," ते म्हणाले, आणि खरोखरच पडद्यावर एक तरुण कप्तान खुर्चीत बसलेला दिसला. बायांनी माना डोलावल्या. भिकुअक्का म्हणाली, "मी म्हनत नव्हती, गोरा असंन."

हितेंद्रला भाऊ कुठला ते कळेना. पण सासरा आनंदात दिसला म्हणून तोही हसला.

मग पाळीचा भोंगा झाला होता ती जागा गेली. तिथून पुढे नाना आणि बाकीचे सारखेच आंधळे. नाना डोळे पडद्यावर आणि कान ध्वनीवर ठेवून बसले. आणि जाडे भोंगे वाजू लागले. सासू आली. बायांनी सवयीने पदर सावरले. पडद्यावर एक पत्र्याचा बुटका यंत्रमानव जिन्यावरून घरंगळत खाली आला आणि उताणा पडला.

मग भटू बोलला. भटू नाही बोलणार तर कोण बोलणार?

"नाना, सासू डालड्याच्या डब्याची निघाली."

हशा झाला. "सासू नाही ती," नाना घाईने म्हणाले. "सासूचा निरोप्या. पुढे पाठवलाय. मोठ्या घरची बाई, ती लगेच समोर येईल का?"

हे बायांना पटलं. मोठ्या घरचं असंच असतं. हितेंद्रने मोनालीला हळूच विचारलं, "निरोप्या म्हणजे?" मोनाली म्हणाली, "तुम्ही गप बसा हो."

पुढे बासरी आली, भावाची चाल अर्धीमुर्धी. म्हणजे मुऱ्हाळी रस्ता चुकला, उपाशीतापाशी फिरतोय. पडद्यावर कप्तान आणि चार माणसं टेबलाशी बसून हसत हसत जेवत होती. नानांनी क्षणभर डोळे मिटले. "वाटेत कोणीतरी जेवायला थांबवलंय," ते म्हणाले. "पण मन लागत नाही बघा त्याचं. बासरी ऐका. तोंडाने हसतोय, पण आतून बासरी."

आणि गंमत अशी, की हे ऐकून हितेंद्र पडद्याकडे टक लावून पाहू लागला. कप्तान खरंच घासाला हात लावत नव्हता. इतक्या वेळा पाहून ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो नानांच्या अंगाला आणखी सरकून बसला.

नगाऱ्यांची लढाई निभावली. लढाई सगळ्यांची सारखीच असते. पण नानांना कुठे सुख होतं? पुढे व्हायोलिनं यायची होती. ती पुढे कधी येणार हे त्यांना इतकं नेमकं ठाऊक होतं की ती यायच्या आधीच ते बसल्या जागी सरकून बसले. त्यांनी देवाला सांगून पाहिलं, बाबा, इथे तरी एखादं घर दाखव, एखादी बाई दाखव, दारात उभी. बाकी मी सांभाळतो.

व्हायोलिनं आली. मऊ, सावकाश, सगळी मिळून. भिकुअक्काने पदर डोळ्यांना लावला. मोनालीने बापाचा हात धरला. पडद्यावर खाली एक निळं गोल जग दिसू लागलं, ढगांचं, पाण्याचं. बाया पुढे सरकल्या. आणि कप्तानाने एक बटण दाबलं आणि ते निळं जग फुटलं. फाटकन. तुकडे तुकडे होऊन सगळ्या आभाळात उडालं, आणि व्हायोलिनं आपली वाजताहेत गोड.

"अरे बापा," भिकुअक्का म्हणाली. "माहेर उडोलं का रे त्यानं?"

हितेंद्रने घाबरून सिनेमा थांबवला. "ते शत्रूचं जग असतं, अक्का," तो सांगू लागला. "कप्तानाला नाइलाजाने करावं लागतं. म्हणून संगीत दुःखी..." पण समोरच्या बायांचे चेहरे पाहून तो गप्प झाला. लहानपणापासून आवडलेला शेवट त्याला पहिल्यांदाच जरा ओशाळवाणा वाटला.

निरोप्याचं जमलं, जेवणाचं जमलं, पण फुटलेलं माहेर कशाने सांधणार? भटूसुद्धा खाली पाहत होता, ते तर फारच वाईट. नानांना लाज वाटली, अशी की या थंडीत उठून चालत दीपनगरला जावं. ते पोरीच्या हातातून हात सोडवू लागले. "मोना," ते म्हणाले, "मी तुला जे सांगत आलो ना, ते..."

"थांब रे तोताराम," भिकुअक्का म्हणाली. ती सगळ्यांत थोरली, आणि गेलेला नवरा नानांबरोबर एकाच पाळीला होता. "तू काय सांगतो आम्हाले? भोंगा झाला तवा तुह्या संगं आमचे हे बी पयाले होते. घरी येऊन त्यांनीच सांगलं मले, का सिनेमा राहून गेला. भटूच्या बापाले बी ठाऊक होतं. समद्या गावाले ठाऊक हाये, का तुनं शेवट पाह्यलाच नाही."

नानांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "मला कॅसेटच्या आधीपासून ठाऊक आहे. सिनेमा राहिला म्हणून डबा भरलेलाच परत आणला होता तुम्ही त्या दिवशी."

"मग इतकी वर्षं ऐकत का बसलात?"

"मंग?" भिकुअक्का म्हणाली. "तांदूय का एकटीनं निवडावं?" आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मले कोनी आनाले आलं नाही रे कधी. बाप लहानपनी गेला, भाऊ नव्हता. तू सांगे तवा मी माहेरी जाऊन येत होती." मग तिने जावयाकडे बोट केलं. "जवाईबापू, चित्र बंद करा. ते वाजप तेवढं मागून लावा. पाहू आता माहेर कसं फुटते ते."

हितेंद्र उठला. त्याने सिनेमा मागे नेला, गळ्यातला मफलर काढला आणि मशीनच्या डोळ्यावर टाकला. धोतर पुन्हा नुसतं धोतर झालं. जाळाचा तांबूस उजेड तेवढा त्याच्यावर हलत होता. व्हायोलिनं सुरू झाली.

नाना मग हळूहळू बोलू लागले. चित्र नव्हतं, त्यामुळे ध्वनी कसा मोकळा झाला. भावाची चाल, सासूचा ठेका, मऊ झालेला. "ऐका," नाना म्हणाले, "ती बी सोबत निघालीय. सासू. म्हणते, मी बी येते पोचवायला. पहिल्यांदाच म्हणतेय." हा तुकडा नवा होता. आजवर सासू दारातूनच निरोप देत असे. बाया एकमेकींकडे पाहून घेत होत्या. "आणि आता वर, एकच व्हायोलिन, सगळ्यांच्या वर. ती खिडकीशी आली. खाली निंब दिसतोय. ओटा दिसतोय. ओट्यावर कोणीतरी..."

पुढचं वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं. पण नानांनी मान वळवली तर मोनाली रडत होती. लहानपणी ती इथे कधी रडली नव्हती, झोपून जायची. यंदा, सासरी गेल्यावर, ती पहिल्यांदा त्या खिडकीत बसून ऐकत होती. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाक्य तिथेच राहिलं. व्हायोलिनं तर पुढे चाललीच होती, ती काही कोणासाठी थांबत नाहीत.

तेव्हा पलीकडून हितेंद्र हळूच म्हणाला, आपल्या धुळ्याच्या बोलीत, "मंग पोर घर उनी, नाना."

नानांनी मान हलवली. आली, पोर घरी आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, संगीत संपेपर्यंत कोणी हललंही नाही. मग भटू नाक ओढत उठला आणि वांगी कोळसा झाल्याचं त्याने सगळ्यांना सांगितलं. पुष्पाबाई म्हणाल्या, होऊ दे, अजून टोपलीभर आहेत, नवी टाका.

आणि नवी वांगी भाजून होईपर्यंत जावयाने मफलर काही उचलला नाही. उलट सासऱ्याला म्हणाला, "नाना, ते पहिल्यापासून लावतो. मला सासू कुठून येते ते नीट दाखवा."